चार लोक नसलेली जागा

लास वेगासला विमान उतरायला लागलं की खिडकीतून दिसतात ते तांबूस-करडे डोंगर, त्यांच्या पायथ्याशी भाजून निघालेली सपाट जमीन, मधूनच एखादा सरळसोट रस्ता आणि त्यावर एकुलती एक गाडी. शहर त्यानंतर, अगदी शेवटी आणि एकदम येतं. एवढा मोकळा मुलूख ज्या गावाच्या चारी अंगांना पसरलाय, त्या गावातल्या माणसाने "जागा मिळत नाही हो" म्हणून गळा काढावा, हे पुण्या-मुंबईच्या माणसाला पटायचं नाही. मला पटलंय. गळा काढणारा माझा सख्खा भाचा आहे.

भाचा हेंडरसनला राहतो, म्हणजे वेगासला खेटून असलेल्या गावात. आठवड्याचे पाच दिवस कॉम्प्युटरची नोकरी आणि उरलेले दोन दिवस फोटोग्राफी. सुरुवातीला तो निसर्गाचे फोटो काढायचा तेव्हा घरात सगळे सुखी होतो. डोंगर वेळेवर हजर असतो, त्याला बाथरूमला जायचं नसतं आणि आपण फोटोत जाड दिसलो अशी त्याची तक्रार नसते. मग कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं की फोटोग्राफरचा खरा कस माणसाच्या चेहऱ्यावर लागतो. तेव्हापासून मॉडेल आल्या.

त्यात टीएफपी नावाची एक सोय असते. मॉडेल होऊ बघणारीने वेळ द्यायचा, फोटोग्राफर होऊ बघणाऱ्याने फोटो द्यायचे आणि पैशाचं नाव कुणीच काढायचं नाही. दोघांचाही पोर्टफोलिओ होतो. वेगासमध्ये अशा मुलींना तोटा नाही. कुणी रात्री शोमध्ये नाचते, कुणी छताला टांगलेल्या दोरावर उलटी लटकते, कुणी दिवसा दातांच्या डॉक्टरकडे अपॉइंटमेंटा लिहून घेते. सगळ्यांची अट मात्र एकच: जागा जरा खाजगी हवी.

खाजगी म्हटल्याबरोबर ज्यांच्या भुवया वर गेल्या त्यांच्यासाठी सांगून टाकते. अंगावर कपडे असतात. हल्लीच्या आपल्याकडच्या रिसेप्शनांच्या मानाने पुष्कळच असतात. पण शीतपेयाचे ग्लास हातात धरून दहा अनोळखी माणसं समोर उभी असताना "दूर कुठेतरी हरवल्यासारखं बघ" म्हटलं की भल्याभल्यांना हरवता येत नाही. पुन्हा गंमत अशी, की एवढा एकांत हवा असतो तो फोटो काढून होईपर्यंतच. रात्री तोच फोटो इन्स्टाग्रामवर चढतो आणि सकाळपर्यंत हजार लोकांनी बघितला नाही तर दोघंही तोंड पाडून बसतात.

अनोळखी मुलासोबत अनोळखी ओसाड जागी जायचं, तर शहाणी मुलगी आपल्याबरोबर कुणाला तरी घेऊन येते, निदान तुझ्याबरोबर कोण आहे हे तरी विचारतेच. विचारावंच. इथे माझा प्रवेश होतो. "माझी मावशी असेल बरोबर" हे वाक्य भाच्याच्या कुठल्याही महागड्या लेन्सपेक्षा जास्त उपयोगी पडतं. मी साडी नेसून, डोक्याला रुमाल बांधून, गाडीच्या सावलीत घडीच्या खुर्चीवर बसलेली दिसले की मुलींचा जीव भांड्यात पडतो. मग लगेच माझ्या हातात रिफ्लेक्टर येतो. ही चंदेरी थाळी ऐन उन्हात डोक्याच्या उंचीवर, भाचा सांगेल त्या कोनात धरून ठेवायची असते. "मावशी, जरा वर. मावशी, एवढं नाही. मावशी, तुझी सावली." माझ्या सावलीला तिकडे कुणी वाली नाही.

आता जागेकडे वळू. नेवाडा राज्याची सुमारे ८० टक्के जमीन केंद्र सरकारच्या मालकीची आहे. अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही राज्यात हे प्रमाण इतकं नाही. त्यातली बहुतेक बीएलएम नावाचं जमीन खातं सांभाळतं. कुंपण नाही, वॉचमन नाही, म्हणून आपल्याला वाटतं ही कुणाचीच नाही. पण तिथे दगडादगडाला मालक आहे. हा ओढा बीएलएमचा, तो उतार लेक मीडच्या राष्ट्रीय खात्याचा, त्याच्या पलीकडे राज्य सरकारचं उद्यान, त्याला लागून पाय्यूट लोकांची राखीव जमीन, मध्येच कुणाचा तरी खाणीवरचा हक्क. आणि वायव्येला लष्कराची एवढी अफाट हद्द, की चुकून शिरलात तर तुमचेच फोटो निघतात, समोरून आणि बाजूने. भाच्याच्या फोनवर या सगळ्याचा रंगीत नकाशा आहे. सातबारा बघितल्याशिवाय त्याला ट्रायपॉडचे पाय उघडता येत नाहीत.

बरं, सरकारी जमिनीवर फोटो काढायला सहसा कुणाची हरकत नसते. अडचण येते मॉडेलमुळे. २००० साली झालेल्या कायद्याने साध्या फोटोंना मोकळं सोडलं, पण मॉडेल आणलं किंवा त्या जागेशी संबंध नसलेलं सामान मांडलं तर परवाना लागेल असं ठरलं. म्हणजे नवऱ्याने बायकोचा फोटो काढला तर ती आठवण, आणि त्याच दगडावर, त्याच साडीत तीच बायको मॉडेल म्हणून उभी राहिली तर तो सरकारचा प्रश्न. दुर्बिणीतून बघणाऱ्या रेंजरने यातली कोण कुठली हे ओळखायचं कसं? मी सांगते. बायको "आटप लवकर" म्हणते. २०२५ च्या सुरुवातीला नवा कायदा येऊन राष्ट्रीय उद्यानांमध्ये छोट्या गटांना बरीच मोकळीक मिळाली, पण भाच्याचा पिंड वेगळा आहे. परवाना लागत नसेल, तर तो लागत नाही असा कागद त्याला खिशात लागतो.

एवढं सगळं पार करून आम्ही एका शनिवारी पहाटे जीनजवळच्या कोरड्या तळ्यात उतरलो. वेगासच्या दक्षिणेला अशी दोन-तीन तळी आहेत. पाणी नावापुरतंसुद्धा नाही. चिखल वाळून भेगा पडलेली चपटी जमीन मैलोन् मैल, नजर अडेल असं काहीच नाही. फोटोत ती चंद्रावरची वाटते, म्हणून सगळे तिच्यावर जीव टाकतात. पाऊस झाल्यावर मात्र तिथे गाडी घालू नये, तळं आपली जुनी ओळख विसरलेलं नसतं आणि चाकं धरून ठेवतं.

मॉडेल मुलगी खूश. क्षितिजापर्यंत चिटपाखरू नाही. पण क्षितिजापर्यंत कुणी नाही याचा दुसरा अर्थ असा, की क्षितिजावर जो कुणी उगवेल त्याला पहिले आपणच दिसणार. कोकणात एका करवंदीच्या जाळीमागे अख्खं कुटुंब लपतं. इथे वाळवंटात क्रिओसोटची झुडपं असतात, तीसुद्धा कमरेएवढी आणि एकमेकांपासून सोवळ्यात अंतर राखून. तळ्यात तीही नाहीत. माणसाला आडोसा लागतो आणि आडोसा ही गर्दीच्या मुलखातली वस्तू आहे हे मला त्या पहाटे, वयाच्या या टप्प्यावर, पहिल्यांदा कळलं.

सूर्य वर आला. फोटोवाले ज्याला गोल्डन अवर म्हणतात ती सोनेरी वेळ. पूर्वेला धुळीचा लोट उठला, त्यातून मोटरसायकली निघाल्या. त्यांना तळं शर्यतीला हवं असतं. दक्षिणेला दुसरा कॅमेरा, दुसरी मॉडेल, दुसरा रिफ्लेक्टर (धरायला दोन तरणी मुलं, मावशी नव्हती). आणि पश्चिमेकडून एक पांढरी गाडी येऊन थांबली. तिच्यातून नवरी उतरली, नवरा उतरला आणि मागोमाग एल्विस उतरला. वेगासमध्ये लग्न लावायला एल्विसचं सोंग घेतलेला माणूस मिळतो हे मी ऐकून होते. तो पांढऱ्या झगमगीत सुटाच्या बाह्या सावरत, बूट हातात घेऊन भेगाळलेल्या तळ्यातून चालत येतो, हे नवीन होतं. तो आला आणि अतिशय अदबीने म्हणाला, की जोडप्याला अगदी एकांतात लग्न करायचंय, तर तुम्ही जरा सरकाल का? सरकलो. पण सरकून सरकणार किती? अर्धा मैल गेलो तरी त्यांच्या मंगल प्रसंगात मागे हिरव्या साडीचा एक ठिपका राहणारच होता.

मुलीला कपडे बदलायला भाच्याने झटक्यात उघडणारा एक उभा तंबू आणलेला होता. फेकला की आपोआप उभा राहतो. त्याला खुंट्या मारायच्या असतात, पण वाळलेल्या तळ्यात खुंटी शिरत नाही. मुलगी कपडे बदलून बाहेर आली आणि वारा सुटला. देवाची कृपा म्हणायची ती एवढ्याच क्रमाची. तंबू आधी आडवा झाला, मग गडगडत निघाला. भाचा त्याच्यामागे, मोटरसायकलवाल्यांपैकी एक भाच्यामागे. अडवायला काहीच नसल्यामुळे हे सगळं आम्हाला फार वेळ अगदी स्पष्ट दिसत राहिलं. ऐन शपथा चालू असताना तंबू लग्नात शिरला आणि एल्विसने तो एका हाताने पकडला. दुसऱ्या हातातलं पुस्तक त्याने बंद केलं नाही. धंद्यात मुरलेला माणूस.

वाऱ्याचं म्हणाल तर सरहद्दीवर, कॅलिफोर्नियाच्या हद्दीत, इव्हानपा नावाचं असंच तळं आहे. तिथे चाकांवरची शिडाची होडी नुसत्या वाऱ्यावर ताशी २०२ किलोमीटरने पळाली होती. २००९ सालचा तो तेव्हाचा जागतिक विक्रम. तिथे शूट करूया का असं भाच्याने विचारलं. मी तंबूकडे बघितलं.

बाजूंचा बंदोबस्त झाला तरी वरचं राहतंच. ग्रँड कॅनियन दाखवायला नेणारी हेलिकॉप्टरं दिवसभर डोक्यावरून जात असतात आणि नेलिसच्या लष्करी तळावरची विमानं मधूनच कानठळ्या बसवून जातात. विमानातल्या माणसाला काय दिसणार म्हणा. पण मॉडेल प्रत्येक वेळी वर बघते, आणि हरवलेला भाव पुन्हा हरवतो.

नेल्सन या गावाचं मात्र सविस्तर सांगायला हवं. एल्डोरॅडो कॅनियनमध्ये १८६१ पासून सोन्या-चांदीच्या खाणी होत्या, टेकाटिकप ही त्यातली सर्वांत नावाजलेली. खाण बंद पडली, गाव ओस पडलं आणि आता त्या ओसाडीवरच गाव चालतं. पत्र्याची गंजलेली घरं, जुने पेट्रोल पंप, खिळखिळ्या मोटारी, आणि टेकाडात नाक खुपसून पडलेलं एक विमान. खरा अपघात नव्हे तो. २००१ च्या एका हॉलिवूडपटासाठी विमान मांडलं होतं, ते तिथेच राहिलं. जागा खाजगी मालकीची आहे, फोटो काढायचे तर आधी जाऊन पैसे भरायचे. भाच्याला हे फार आवडतं. पावती मिळते.

पण पावती प्रत्येकालाच मिळते. आम्ही गेलो तेव्हा विमानाजवळ एक गिटारवाला बँड आधीच एकाकी उभा होता. त्यांचं एकाकीपण आटपलं की बारावी पास झालेली एक मुलगी टोपी-गाऊन घालून एकाकी बसणार होती. तिच्यामागे एक जोडपं आणि मग आमचा नंबर. प्रत्येक फोटोत जगात आपल्याशिवाय कुणी उरलेलं नाही असा भाव, आणि फ्रेमच्या एक फूट बाहेर पुढचे लोक मेकअप पुसट होईल म्हणून कागदाने वारा घेत उभे. मी एका आजींशेजारी बसले. त्या मुलीची आजी. तिच्याकडेही रिफ्लेक्टर होता. आम्ही भाषेवाचून बरंच काही बोललो.

बाकीच्या प्रसिद्ध जागांची गत थोडक्यात सांगते. रेड रॉक कॅनियनच्या फेरीच्या रस्त्यावर ऑक्टोबर ते मे वेळेचं आरक्षण करून जावं लागतं, म्हणजे एकांतासाठी स्लॉट. व्हॅली ऑफ फायर हे नेवाडाचं पहिलं राज्य उद्यान, लाल दगडांचा नुसता उत्सव. पण उन्हाळ्यात तिथल्या बऱ्याच पायवाटा बंद करतात, आणि ते योग्यच आहे. ७ जुलै २०२४ ला वेगासचा पारा ४८.९ अंशांवर गेला, आजवरचा उच्चांक. त्या उन्हात मॉडेलच्या आधी मेकअप निघून जातो. जीनच्या वाटेवरचे 'सेव्हन मॅजिक माउंटन्स' हे रंगीत दगडांचे मनोरे २०१६ मध्ये दोन वर्षांसाठी म्हणून उभे राहिले, ते मुदतवाढ घेत उभेच राहिले. तिथे एकांत मागणं म्हणजे दादर स्टेशनवर चटई अंथरणं.

म्हणून फोटोवाले चांगली जागा सापडली की तिचा पत्ता ओठावर येऊ देत नाहीत. शटरचा वेग सांगतील, लेन्स सांगतील, उजेड कुठून घेतला तेही सांगतील. "कुठे काढलात?" विचारलं की उत्तर येतं, "वेगासच्या बाहेर." वेगासच्या बाहेर अमेरिका आहे. भाच्याने एका मित्राला वर्षभर चहा पाजून एक पत्ता काढला. आम्ही गेलो तर तिथे तो मित्र होता, आणि त्याच्याकडून पत्ता काढलेले आणखी तिघे होते.

वेगासच्या लोकांचा खाजगी जागेचा शोध तसा जुना आहे, सगळेच काही फोटोसाठी शोधत नव्हते. अमुक माणूस वाळवंटात गेला आणि परत आला नाही, या गावच्या माफियांच्या कथा अशाच संपतात. लेक मीड हे हूवर धरणाचं पाणी. कुणीतरी सत्तर-ऐंशीच्या दशकात गोळी घातलेला एक माणूस पिंपात घालून त्याच्या तळाशी सोडला. यापेक्षा खाजगी लोकेशन काय असणार? पण २०२२ मध्ये दुष्काळाने तलाव इतका उतरला, की १९३७ मध्ये तो भरत होता तेव्हापासून एवढा खाली गेला नव्हता. मे महिन्यात पिंप आपोआप चिखलातून वर आलं आणि सुट्टीला आलेल्या लोकांनी त्याचे मोबाइलवर फोटो काढले. तो इतका पक्का बंदोबस्त करणारा जिथे फसला, तिथे माझ्या भाच्याची काय कथा.

आणि या वाळवंटातला सगळ्यांत गाजलेला मॉडेलचा फोटो कुणी लपूनछपून काढलेला नाही. १९५१ पासून वेगासच्या वायव्येला शंभरेक किलोमीटरवर अणुचाचण्या सुरू झाल्या. गावाने घाबरण्याऐवजी धंदा केला. पहाटेचा स्फोट बघायला लोक रात्रभर हॉटेलांत पीत जागत. १९५७ मध्ये डॉन इंग्लिश नावाच्या फोटोग्राफरने एका नर्तिकेला वाळवंटात उभं केलं, तिच्या पोहायच्या पोशाखावर कापसाचा अणुस्फोटाचा ढग चिकटवला आणि हात पसरायला सांगितले. 'मिस अॅटॉमिक बॉम्ब'. ती खळखळून हसते आहे, मागे सपाट माळ आहे. मला तो फोटो बघवत नाही आणि नजरही हटत नाही. भाचा म्हणतो, "मावशी, उजेड बघ काय घेतलाय."

उत्तरेला दोन तासांवर रायोलाइटची भग्न वस्ती आहे. १९०५ च्या सुमारास सोन्यामुळे उगवली आणि पंधरा वर्षांत मावळली. बिअरच्या हजारो बाटल्या रचून बांधलेलं एक घर तिथे अजून उभं आहे. शेजारी उघड्यावरचं शिल्पसंग्रहालय आहे. त्यात अल्बर्ट शुकाल्स्की या बेल्जियन कलावंताने १९८४ मध्ये येशूचं शेवटचं भोजन मांडलं. त्याने जिवंत माणसांवर प्लास्टरमध्ये बुडवलेली कापडं घातली, ती वाळेपर्यंत त्यांना तसंच उभं केलं आणि मग माणसं आतून काढून घेतली. नुसती पोकळ कापडं भुतांसारखी उभी आहेत. मॉडेलचा त्रास नको असणाऱ्याने हा मार्ग अभ्यासावा. तिथे आमचं जमत आलेलं होतं. ऊन तिरपं, माणूस नाही, हेलिकॉप्टर नाही. आणि फ्रेममध्ये गाढव आलं.

तिथली रानगाढवं १९७१ च्या केंद्रीय कायद्याने संरक्षित आहेत. हाकलायचं नाही, छळायचं नाही, खायला घालायचं नाही. ते मॉडेलच्या मागे उभं राहून थेट कॅमेऱ्यात बघत होतं, आणि हरवल्यासारखं बघणं त्याला उपजत येत होतं. आम्ही वाट बघितली. उजेड गेला, गाढव राहिलं. निघताना भाच्याने गाडीखाली वाकून बघितलं. वाळवंटी कासवं सावलीला चाकापाशी येऊन बसतात, म्हणून बघायचं असतं. दिसलं तरी उचलायचं नाही. घाबरलं की ते साठवलेलं सगळं पाणी लघवीवाटे सोडून देतं आणि पुढे पाण्यावाचून मरू शकतं. १९९० पासून त्यालाही कायद्याचं संरक्षण आहे. त्या मुलखात संरक्षण नसलेली मी एकटीच.

शेवटी भाचा म्हणाला, घरीच काढू. वेगासच्या उपनगरात परसदाराला डोक्याएवढ्या उंच विटांची भिंत असते. पण भिंतीपलीकडच्या घराला वरचा मजला असतो, वरच्या मजल्याला खिडकी असते आणि खिडकीत कुणीतरी असतं. पंधरवड्यात त्यांच्या सोसायटीचं पत्र आलं: आपल्या आवारात व्यावसायिक स्वरूपाचं काम होत असल्याचं निदर्शनास आलं आहे. निदर्शनास! सोसायटीचा सेक्रेटरी डोंबिवलीत असो की हेंडरसनमध्ये, त्याच्या निदर्शनास येतंच.

मग उरलं गॅरेज. दोन गाड्या बाहेर काढल्या, मागे राखाडी कागदाचा रोल सोडला, दिवे लावले, दार खाली ओढलं. खिडकी नाही, वारा नाही, गाढव नाही. पहिल्यांदाच अगदी पूर्ण खाजगी. दहा मिनिटांत तिघंही घामाने निथळायला लागलो, म्हणून भाच्याने दार फूटभर वर उचललं. रस्त्यावरून आता भर दुपारी एका गॅरेजमधून लखलखणारे दिवे, तीन जोड्या पाय आणि साडीचा काठ एवढंच दिसत असणार. थोड्या वेळाने फटीतून आधी एक कुत्रं आत आलं, मग त्याची साखळी आणि मग जमिनीला गाल टेकवलेलं शेजारच्या पेन्शनर गृहस्थांचं तोंड.

"सगळं ठीक आहे ना?" त्यांनी विचारलं.

"या ना, आत या," मी म्हटलं आणि रिफ्लेक्टर त्यांच्या हातात दिला.